पटावरचा उंट

नमस्कार, श्रोतेहो.

सिगारेटचे धोके मुलांना कधी सांगायचे? सातवी-आठवीत गेली की, असं बहुतेक आईवडील म्हणतात. पण तोवर दुसऱ्याच कोणीतरी मुलांचे कान भरलेले असतात. कोणी, ते ऐका. ही हकिगत मी संधी मिळेल तिथे सांगते.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या काही संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांपुढे एक खेळ मांडला. खेळाचे निष्कर्ष छापून आले १९९१ मध्ये. मुलं २२९, वय तीन ते सहा. समोर पट, पटावर बारा वस्तूंची चित्रं. मुलाच्या हातात एकेक पत्ता द्यायचा, पत्त्यावर कुठल्या तरी मालाची खूण. ती खूण ज्या वस्तूची, त्या चित्रावर मुलानं पत्ता ठेवायचा. बस्स, एवढंच. वाचता येण्याची गरजच नाही. (एक सांगून टाकते. लहान मुलांशी बोबडं बोलणारी मोठी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. मूल बोबडं बोलतं म्हणून ते बोबडं ऐकत नसतं. त्याला सगळं स्वच्छ ऐकू येतं, आणि दिसतं तर आपल्यापेक्षा जास्त. असो.)

तर पत्ते निघू लागले. एका पत्त्यावर मिकी माऊसची खूण. एकावर उंट. साधा उंट नव्हे, सिगारेटच्या जाहिरातीतला कार्टूनमधला ऐटबाज उंट, नाव त्याचं 'जो कॅमल'. आता बालवाडीतलं मूल हा उंट कुठे ठेवील? तीन वर्षांच्या मुलांपैकी शंभरात तीस जणांनी तो बरोब्बर सिगारेटच्या चित्रावर ठेवला. तीन वर्षांच्या! आणि सहा वर्षांच्यांनी? शंभरात एक्क्याण्णव जणांनी. पुन्हा सांगते, शंभरात एक्क्याण्णव. मिकी माऊस जेवढ्यांनी ओळखला, जवळजवळ तेवढ्यांनीच उंटही ओळखला.

आणि गंमत अशी, की तिथे रेडिओ-टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती १९७१ मध्येच बंद झाल्या होत्या. म्हणजे या पोरांच्या जन्माच्या कितीतरी आधी. तरी उंट त्यांच्यापर्यंत पोचलाच. फलकांवरून, मासिकांतून, टी-शर्टांवरून. कंपनीचं पालुपद एकच, आमच्या जाहिराती मोठ्यांसाठी आहेत. बरीच ओरड झाली, खटले झाले, तेव्हा कुठे १९९७ मध्ये तो उंट गेला.

कंपन्यांना मुलं कशाला हवीत, हे कळायला फार हुशारी लागत नाही. अमेरिकेत रोज सिगारेट ओढणाऱ्या दहा मोठ्या माणसांपैकी जवळपास नऊ जणांनी पहिली सिगारेट अठराच्या आत ओढलेली असते. अठराच्या आत, हे लक्षात ठेवा. निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि त्या वयात मेंदूची घडण चालूच असते, म्हणून सवय चटकन जडते. फुप्फुसांचं, हृदयाचं तुम्हाला ठाऊक आहे. मुलांनाही पाठ आहे. पण चाळीस वर्षांनी होणाऱ्या आजाराला चौदा वर्षांचं पोरगं घाबरत नाही.

त्याला राग येतो तो कोणी आपल्याला बनवतंय म्हटल्यावर. 'ट्रुथ' नावाच्या अमेरिकी मोहिमेनं हेच केलं. ओढू नका असा उपदेश नाही, कंपन्या काय लपवतात ते दाखवलं. त्याच सुमाराला फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनीसुद्धा मुलांना 'ओढू नका' म्हणून सांगत होती! पुढे पाहणी झाली. ट्रुथच्या जाहिराती पाहून मुलं सिगारेटच्या विरोधात गेली. कंपनीच्या जाहिराती पाहिलेल्यांचा कल मात्र थोडा ओढून बघण्याकडेच. (म्हणून शाळांतल्या त्या घोषवाक्य स्पर्धांचंही मला फारसं कौतुक नाही. बक्षीस बहुधा आईच्या अक्षराला मिळतं.)

तेव्हा मुलाला जाहिरात दाखवा आणि विचारा, हे चित्र कोणासाठी काढलंय? फळांच्या वासाची, रंगीबेरंगी ई-सिगारेट कोणाला खुणावते? उत्तर त्यालाच शोधू द्या.

घरात कोणी ओढत असेल, तर मूल विचारणारच, "मग बाबा, तुम्ही का ओढता?" तेव्हा दटावू नका. "मला सुटत नाही रे. सुरू केली तेव्हा वाटलं होतं, कधीही सोडू," हे खरं उत्तर त्याला द्या. आणि काडेपेटी आणायला त्याला पाठवू नका, आपली आपण उठून घ्या.