वीस वर्षांची 'कॉम्प्रेसर' आणि घोडबंदर रस्ता

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आलिशान गाड्यांचे तज्ज्ञ' असं छापलंय, ते मनातल्या मनात खोडून टाका. माझी सगळी नोकरी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत ब्लोअर आणि कॉम्प्रेसर, म्हणजे हवा ढकलणारी आणि दाबणारी यंत्रं, सांभाळण्यात गेली. गाडीकडेही मी त्याच नजरेनं बघतो.

गाडी कोणती, ते आधी सांगतो. मर्सिडीजची सी २०० कॉम्प्रेसर, डब्ल्यू २०३ पिढीतली, वीस वर्षं ओलांडलेली. इंजिन एम २७१, चार सिलिंडर, १.८ लिटर, ताकद १६३ अश्वशक्ती. आज हा आकडा ऐकून कुणी मान वळवणार नाही. पण त्या वेळी एवढ्याशा इंजिनातून एवढी ताकद काढायची तर त्यात हवा कोंबावी लागे, आणि या गाडीत ते काम सुपरचार्जर करतो. नावातला 'कॉम्प्रेसर' तो हाच. टर्बो धुराच्या झोतावर फिरतो, हा इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. त्यामुळे पाय दाबला की ओढ लगेच मिळते, वाट बघावी लागत नाही. माजिवड्याचा पूल चढताना अजूनही मजा येते, खोटं कशाला बोलू?

आता गंमत अशी की हे यंत्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घराखाली आहे. मानपाडा, कासारवडवली भागातल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट असतो ना? रात्री ज्याच्या घुमण्यावरून पहिल्या मजल्यावरचे लोक कमिटीशी भांडतात, तो बहुतेक ठिकाणी ट्विन लोब ब्लोअर असतो, म्हणजे दोन रोटर फिरवून हवा ढकलणारं यंत्र. चार मीटर खोल टाकीच्या तळाशी हवा ढकलायची म्हणजे साधारण ०.४ बार दाब लागतो. माझ्या गाडीतला सुपरचार्जर म्हणजेही ब्लोअरच, त्याच घराण्यातला. फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी अमेरिकेत इंडियाना राज्यात १८६० साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. पुढे १९२१ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजनं सुपरचार्जरवाल्या गाड्या मांडल्या. त्या जुन्या गाड्यांत पाय तळाला टेकवला तरच ब्लोअर जोडला जायचा. माझ्या गाडीत तो कायम फिरत असतो, आणि हवेची गरज नसेल तेव्हा एक झडप उघडून ती हवा परत मागे वळवली जाते.

आत दोन रोटर असतात. एकमेकांत गुंतून फिरतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. दोघांची वेळ सांभाळायला बाजूच्या बंद डब्यात गिअर असतात, आणि त्या डब्याला स्वतःचं वेगळं तेल असतं. रोटर हवा दाबत नाहीत, फक्त भिंतीच्या कडेनं वाहून नेऊन पुढे ढकलतात. इंजिन घेईल त्यापेक्षा जास्त हवा पुढे आली की दाब तिथे तयार होतो. या पद्धतीत हवा चांगलीच तापते, म्हणून ती इंजिनात जाण्याआधी इंटरकूलरमधून न्यावी लागते. याच कारणानं मर्सिडीजनं २००९ पासून याच इंजिनाला टर्बो लावायला सुरुवात केली. कार्यक्षमतेच्या हिशोबात बेल्टवरचा ब्लोअर मागे पडतो. जाता जाता एक सांगतो. ऑडीच्या त्या काळातल्या तीन लिटर व्ही-सिक्स पेट्रोल गाड्यांवर मागे 'टीएफएसआय' लिहिलेलं असतं, पण आत टर्बो नसतो, सुपरचार्जरच असतो. म्हणून जुनी गाडी घेताना मागची अक्षरं वाचून निर्णय घेऊ नका.

मला हमखास विचारतात, 'काका, तो सुपरचार्जर गेला तर?' प्रश्न बरोबर आहे, फक्त भागाची निवड चुकली. अख्ख्या गाडीत मला सगळ्यात कमी काळजी ब्लोअरची वाटते, कारण त्यात रोटर कशावर घासतच नाहीत. त्याचं गिअरचं तेल बदलायचं नेहमीच्या सर्व्हिसच्या यादीत नसतं. आमच्या कारखान्यात कुणी गिअरबॉक्स वीस वर्षं त्याच तेलावर चालवला असता तर मॅनेजरनं त्याला गेटबाहेर काढला असता. माझ्या ब्लोअरचं तेल निघालं तेव्हा काळपट होतं आणि त्याला असा वास होता की मेकॅनिकचा पोरगा रुमाल लावून बसला. नवीन तेल घातलं, विषय संपला. दुसरं म्हणजे पुली आणि गिअर यांच्यामध्ये एक छोटा कपलर असतो. तो झिजला की गाडी न्यूट्रलला उभी असताना खडखड येते आणि आरपीएम वाढवला की जाते. हा आवाज ऐकून एका गॅरेजवाल्यानं मला 'अख्खा कॉम्प्रेसर बदलावा लागेल' असं सांगितलं होतं. नुसता कपलर बदलला आणि खडखड थांबली.

मग गाडी मरते कशानं? रबर, प्लॅस्टिक आणि तेल. आणि या तिघांना मारतो तो आपला ठाण्याचा घोडबंदर रस्ता.

इथे मला जरा थांबायचंय, कारण आजचं खरं बोलणं हे आहे. कारखान्यात प्रत्येक यंत्राला अवर मीटर असतो. ब्लोअर किती तास चालला त्यावर तेल, बेअरिंग, बेल्ट सगळं ठरतं. गाडीत मात्र आपण किलोमीटर मोजतो. मोकळ्या हायवेवर तासाला सरासरी पन्नास किलोमीटर पडले, तर दहा हजार किलोमीटरला इंजिन दोनशे तास चालतं. गायमुख ते कापूरबावडी, पुढे तीन हात नाका, मेट्रोचे बॅरिकेड, कंटेनरच्या रांगा... इथे पंधराची सरासरी धरली, तर त्याच दहा हजार किलोमीटरला साडेसहाशेहून जास्त तास होतात. तिप्पट! तेही समोरून वारा नसताना, एसी चालू ठेवून, बोनेटखाली भट्टी पेटवून. म्हणून 'फक्त साठ हजार चाललेली, ठाण्याच्या डॉक्टरांची गाडी' अशी जाहिरात वाचली की मी आधी भागाकार करतो. नाशिकची दीड लाख चाललेली गाडी मला जास्त तरुण वाटू शकते. इंजिन ऑइल मी साडेसात हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदलतो. कुणी कंजूषपणा शिकवला तरी ऐकत नाही.

कारण या इंजिनाचं दुखणं टायमिंग चेनमध्ये, म्हणजे व्हॉल्व आणि पिस्टन यांची वेळ जुळवणाऱ्या साखळीत आहे. आधीच्या एम १११ इंजिनात चेन दुपदरी होती, एम २७१ मध्ये ती एकपदरी झाली. ती ताणली जाते आणि कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकाला जे अॅडजस्टर असतात त्यांचे दात झिजतात. चेन ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर काम करतो, म्हणजे जुनं पातळ झालेलं तेल थेट चेनच्या मुळावर उठतं. लक्षण एकच. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद साखळी ओढल्यासारखा खर्रर्र आवाज, मग शांत. 'नंतर शांत होतं ना, मग ठीक आहे' म्हणणाऱ्याची चेन एक दिवस दात सोडते, व्हॉल्व पिस्टनवर आपटतात, आणि इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. वेळेत पकडलं तर चांगला कारागीर जुन्या चेनच्या टोकाला नवी चेन जोडून, क्रँक हातानं फिरवत, वरूनच आत ओढून घेतो आणि रिव्हेट मारतो. मी शेजारी उभं राहून बघितलंय. एक जण पान्यानं क्रँक फिरवतो, दुसरा दोन्ही बाजूंनी चेन ताणून धरतो, आणि तेवढा वेळ कुणी कुणाशी बोलत नाही.

दुसरा रोग मी तुम्हाला घरच्या घरी तपासायला शिकवतो. इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, वरच्या अंगाला, कॅमशाफ्टचे दोन मॅग्नेट असतात. त्यातून तेल पाझरतं. बाहेर पाझरलं तर दिसतं, पण ते मॅग्नेटला लावलेल्या वायरीच्या प्लगच्या पिनांमधून वायरच्या आत शिरतं आणि दिव्याच्या वातीत चढावं तसं इंचाइंचानं पुढे सरकतं. पार इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत. इंजिन बंद आणि थंड असताना मॅग्नेटचा हा प्लग काढा, टिश्यू पेपरची सुरळी करून आत टेकवा. कोरडा निघाला तर देवाला नमस्कार करा. तेलकट निघाला तर मॅग्नेट बदला आणि मध्ये एक छोटी जोडवायर टाका, म्हणजे पुढच्या वेळी तेल त्या वायरीत अडेल. त्या मानानं स्वस्तातलं काम आहे. कॉम्प्युटर गेला तर त्या रकमेला किती शून्यं लागतात ते इथे सांगत नाही, रात्रीचं जेवण गोड लागलं पाहिजे.

तिसरी ती ब्रीदरची नळी, इंजिनाच्या आतली वाफ परत हवेच्या वाटेला सोडणारी. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेली रबरी नळी उष्णतेनं बिस्किटासारखी तुटते. मग इंजिन चोरून हवा ओढतं, आरपीएम वरखाली नाचतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर 'मिश्रण पातळ' म्हणतो, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि मेकॅनिक आधी सेन्सर बदलतो, मग दुसरा सेन्सर बदलतो. नळी स्वस्त, मजुरी महाग, कारण तिथवर हात पोचायला वरचं सगळं उतरवावं लागतं. एकदा उतरवलंच आहे तर खालच्या सगळ्या नळ्या एकदम बदलून घ्या. बेल्टचंही तसंच. एकच बेल्ट अल्टरनेटर, वॉटर पंप, एसी आणि ब्लोअर फिरवतो. तो तुटला की नुसती ताकद जात नाही, पाणी फिरायचं थांबतं. बेल्टबरोबर रोलर आणि टेन्शनरही बदलायचे.

पाण्यावरून आठवलं. कूलंट कमी झालं की वॉचमनकडून बाटली मागून नळाचं पाणी ओतणारे लोक मी बघतो. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाला टँकरचं पाणी असतं, बोअरचं. त्याचा क्षार घरातल्या गिझरचं काय करतो ते आठवा. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं, एवढंच लक्षात ठेवा.

पावसाळा हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. वायपरच्या खाली पाणी वाहून जायला भोकं असतात. गाडी सोनमोहोराखाली किंवा गुलमोहराखाली उभी असेल तर ती बारीक पानं तिथे गच्च बसतात, पाणी तुंबतं आणि केबिनमध्ये, वायरिंगमध्ये उतरतं. मे महिन्याच्या शेवटी हातानं ती पानं काढायची. साचलेल्या पाण्यात गाडी घालायची नाही, हे सांगायला नको. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आणि उंदीर! पोडियम पार्किंगवाल्यांनी बोनेट आठवड्यातून एकदा उघडत जा.

'पेट्रोल कोणतं घालावं?' अशी चिठ्ठी आलीये. या गाडीच्या झाकणावर ९५ ऑक्टेन लिहिलेलं आहे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची अवेळी न पेटण्याची क्षमता. कमी ऑक्टेन घातलं तर अवेळी पेटण्याचा ठोका नॉक सेन्सर ओळखतो आणि ठिणगी थोडी उशिरा पाडली जाते. इंजिन वाचतं, पण ज्या ओढीसाठी ही गाडी घेतली ती ओढ जाते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं घटणारच. माझी काळजी जुन्या रबराची आणि सीलची आहे. शिवाय इथेनॉल ओलावा धरतं. गाडी महिनोन् महिने झाकून ठेवायची असेल तर हे मिश्रण टाकीत तसंच पडू देऊ नका. खरं तर झाकून ठेवूच नका. उभ्या गाडीला चालत्या गाडीपेक्षा जास्त दुरुस्ती लागते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. नूतनीकरणाची केंद्राची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि वीस वर्षं ओलांडलेल्या गाडीसाठी २०२५ मध्ये ती १०,००० झाली. दिल्लीत पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीवर बंधनं आली म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात आपल्याकडे येतात. त्यातली घ्यायची असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. इथे नोंदणी होईपर्यंत ती गाडी तुमची नाही, फक्त तुमच्या पार्किंगमध्ये उभी आहे.

खर्चाचं गणित लोक उलटं करतात. गाडी एका नव्या छोट्या हॅचबॅकच्या निम्म्या किमतीत मिळते, म्हणून सांभाळायलाही तेवढीच लागेल असं समजतात. गाडीची किंमत उतरली, तिच्या भागांची नाही उतरली. नवी असताना जो भाग तीस लाखांच्या गाडीचा होता, तो आजही तीस लाखांच्या गाडीचाच आहे. मी घेताना खरेदीच्या किमतीएवढीच रक्कम बाजूला काढून ठेवली आणि ती गाडीचीच समजली. ज्याला हे जमत नाही त्यानं साधी जपानी गाडी घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही. शरीराचे भाग, म्हणजे दरवाजे, आरसे, दिवे, कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात बघायला हरकत नाही. चेन, टेन्शनर, ब्रेक, थर्मोस्टॅट मात्र जुन्यातले कधीच नाही. मेकॅनिक शोधताना एकच परीक्षा घ्या. तो आधी स्कॅनर लावतो का आधी कान लावतो ते बघा. दोन्ही करणारा मिळाला तर त्याला दिवाळीला मिठाई पाठवत जा.

शेवटचा प्रश्न, मागच्या रांगेतून. 'घ्यायची असेल तर बघायला कधी जावं?' सकाळी लवकर जा, आणि आदल्या रात्रीच मालकाला सांगून ठेवा की गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तो पहिला खर्रर्र आवाज तुमच्यापासून लपवला गेलाय असं समजा. चहा प्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता परत जा.