फट बुजते, तेव्हा नेमकं काय बदलतं?

वरच्या दोन मधल्या दातांमधली फट पट्टीने मोजता येते. पण हसताना तोंडावर जाणारा हात कसा मोजायचा? त्यासाठी ‘ओएचआयपी-14’ (ओरल हेल्थ इम्पॅक्ट प्रोफाइल) ही प्रश्नावली वापरतात. 14 प्रश्न, गुण 0 ते 56. दातांमुळे लाज वाटते का, मनावर ताण येतो का, उच्चार अडतात का? गुण जास्त, तर त्रास जास्त. उपचाराआधी आणि नंतर ती भरून घेतली, की फरक शोधायचा तो संकोच आणि ताण यांच्या उत्तरांत; चावणं बहुधा आधीही ठीकच असतं. आणि ज्याला फट कधी खुपलीच नाही, त्याचे गुण आधीच शून्याजवळ असतात. त्याच्या दातांना हात लावायचं काही कारण नाही.

मुलांच्या बाबतीतही घाई नको. सुळे येईपर्यंत, म्हणजे साधारण 11-12 वर्षांपर्यंत, लहान फट बरेचदा आपोआप मिटते. उलट मोठ्या माणसाची फट नव्याने रुंदावत असेल, तर आधी हिरड्या तपासायच्या. हाडाची झीज सुरू असताना वरून फट बुजवणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं.

आता कॉम्पोझिटचं, म्हणजे दाताच्या रंगाचा राळेसारखा पदार्थ चिकटवून फट बुजवण्याचं काम पाहू. रंगाची शेड सुरुवातीलाच ठरवतात, कारण कोरडा पडलेला दात जास्त पांढरा दिसतो. मग दात लाळेपासून कोरडे ठेवणारा रबर डॅम, इनॅमलवर, म्हणजे दाताच्या कठीण बाहेरच्या थरावर, 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिड सुमारे 15 ते 30 सेकंद, पाण्याने धुणं, बाँडिंग म्हणजे चिकटवणाऱ्या द्रवाचा थर, आणि कॉम्पोझिटचे 2 मिलिमीटरपेक्षा जाड नसलेले थर, प्रत्येक थर लाइटखाली कडक करून. भर दोन्ही दातांवर सारखी वाटावी लागते. नाहीतर एक दात रुंद, चौकोनी दिसतो. हिरडीजवळ कड बाहेर राहिली, तर तिथे अन्न अडकतं, ब्रश करताना रक्त येतं. दात एकमेकांना फार खाली टेकवले, तर वर काळा त्रिकोण उरतो. हाडापासून त्या टेकण्यापर्यंतचं अंतर 5 मिलिमीटर किंवा कमी असेल, तर हिरडी सहसा ती जागा भरते. रुग्णाच्या नजरेला हा त्रिकोण फटीइतकाच टोचतो, म्हणून तो आधीच मेणाच्या नमुन्यावर दाखवलेला बरा.

तारा लावून फट मिटवली, तर दात पुन्हा जुन्या जागी सरकू पाहतात. म्हणून दातांच्या मागे बारीक तारेचा रिटेनर चिकटवतात, बहुधा कायमचा. वरचा ओठ हिरडीला जोडणारी घडी जाड असेल, तर ती कापणं सहसा फट मिटल्यावरच. आधी कापली, तर तिथला व्रण दात सरकायला आडवा येऊ शकतो.

फट बुजल्यावर पहिले काही दिवस ‘स’ वेगळा ऐकू येतो. जीभ सरावते. हे आधी सांगितलेलं नसेल, तर रुग्ण घाबरून फोन करतो.