दुधाळ पाण्यातील उंदीर

नमस्कार, श्रोतेहो. वय वाढले की मेंदूतील पेशी मरतात आणि म्हणून विसर पडतो, असे आपण सर्रास मानतो. हा समज तपासून पाहायला ज्या प्रयोगाने वाट करून दिली, त्याविषयी आज बोलायचे आहे.

रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये तो मांडला. एक मोठा गोल हौद, त्यात दूध मिसळून गढूळ केलेले पाणी, आणि पाण्याच्या पातळीखाली जेमतेम बुडालेला, न दिसणारा चौथरा. पाण्यात सोडलेला उंदीर आधी कडेकडेने चकरा मारतो आणि केव्हातरी त्याचे पाय अचानक चौथऱ्याला लागतात. खोलीतील खुणांवरून ती जागा त्याच्या लक्षात राहते, आणि पुढे त्याला हौदात कुठूनही सोडले तरी तो नेमका तिकडेच जातो. यानंतरचा भाग मला कितीही वेळा सांगावासा वाटतो. चौथरा काढून टाकतात आणि उंदराला पुन्हा पाण्यात सोडतात. तो त्याच जागी पोहोचतो, पायाला काही लागत नाही, तरीही तिथल्या तिथे वळसे घेत शोधत राहतो. चौथरा गेला, आठवण मात्र राहिली!

दोन वर्षांचा उंदीर म्हणजे म्हातारा. असे काही उंदीर हौदभर भरकटतात. काही मात्र तरुणांइतकेच चोख पोहतात. रॅप आणि गॅलाघर यांनी १९९६ मध्ये हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या केंद्रातील मुख्य चेतापेशी मोजल्या, तेव्हा भरकटणाऱ्या म्हाताऱ्या उंदरांतही त्या कमी झालेल्या नव्हत्या. पुन्हा सांगतो, पेशी जागेवर होत्या, आठवण मात्र उणावली होती.

पेशी शाबूत असूनही स्मरण अडू शकते, हे १९८६ मध्येच दिसले होते. ग्लुटामेट या रसायनाचा संदेश स्वीकारणारे एनएमडीए ग्राहक औषधाने रोखताच धडधाकट उंदरांनाही चौथऱ्याची जागा नीट शिकता येईना. उंदरावरील निष्कर्ष माणसाचा म्हणून मथळ्यात छापणे मला मुळीच मान्य नाही. त्याने घरोघरी खोटी आशा पसरते.

माकडाचा मेंदू आपल्याला अधिक जवळचा. एमी आर्नस्टन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की, क्षणभरापूर्वी पाहिलेली जागा मनात धरून ठेवणाऱ्या कपाळामागच्या चेतापेशी म्हाताऱ्या माकडांत मंद पडतात. पण त्या पेशींभोवतीचे रासायनिक वातावरण औषधाने बदलताच त्या पुन्हा जोमाने संदेश पाठवू लागतात.