दोन सूर्यांचा पट आणि कदंबाचं फूल

(कापडावर रंगवलेला गोल पट. कॅमेरा मध्यावर.)

हा जैन परंपरेतला विश्वाचा पट. मधोमध आहे तो मेरू पर्वत. त्याच्याभोवतीचं वर्तुळ म्हणजे जंबूद्वीप, या काठापासून त्या काठापर्यंत १ लाख योजनं (योजन म्हणजे अंतराचं जुनं माप). बाहेरचा निळा वेढा लवणसमुद्राचा, रुंदी २ लाख. मग धातकीखंड ४ लाख, कालोदधी ८ लाख. प्रत्येक वेढा आधीच्याच्या दुप्पट. निळ्यात मासे आहेत, पोहणारी माणसं आहेत. आणि बाहेरचं पुष्करवर द्वीप मात्र अर्ध्यावर थांबलंय. तिथे मानुषोत्तर पर्वत आडवा आहे. त्याच्या पलीकडे माणूस जन्मत नाही, म्हणून चिताऱ्याचा कुंचलाही तिथेच थांबला. दोन द्वीपं पूर्ण, तिसरं अर्धं. या पटाचं नाव अढीद्वीप.

(पटाचा खालचा काठ, जवळून.)

आता दक्षिणेला बघा. धनुष्याच्या आकाराची ही फाक म्हणजे भरतक्षेत्र, आपण राहतो ते. रुंदी ५२६ योजनं आणि वर एका योजनाच्या १९ भागांपैकी ६. इतका बारीक हिशेब आला कुठून? भरताला एक वाटा, त्यापुढच्या हिमवान पर्वताला दोन, पुढच्या क्षेत्राला चार, मग आठ, सोळा, बत्तीस. मधल्या विदेहाला चौसष्ट. तिथून उत्तरेकडे तसंच उतरत पुन्हा एकावर, म्हणजे उत्तर टोकाच्या ऐरावत क्षेत्रावर. बेरीज करा, १९० येते. एक लाखाला १९०ने भागलं की आपली फाक मिळते.

जैन परंपरेतले असे पट गुजरात-राजस्थानात १५व्या शतकापासून रंगवले गेले. यावरून कुणी गलबत हाकलं नसेल. भरत, ऐरावत, विदेह या कर्मभूमी. मोक्षाची साधना तिथेच होते. आपण कुठे जन्मलो आणि इथे काय साधता येतं, एवढं पट सांगतो, आणि तेही मापात सांगतो. त्याला ‘चुकीचा भूगोल’ म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

(पटावरचे दोन सूर्य, दोन चंद्र.)

जंबूद्वीपावर सूर्य दोन आहेत, चंद्रही दोन. मेरूभोवती ते समोरासमोर फिरतात. आज उगवला तो एक, उद्या उगवेल तो दुसरा.

(सह्याद्री. पाटणादेवीचं खोरं, चाळीसगाव तालुका.)

याच दोन सूर्यांवर गणिती आणि ज्योतिर्विद भास्कराचार्यांनी वाद घातला. जन्म १११४चा. आपलं गाव त्यांनीच सांगितलंय: सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड. ‘सिद्धांतशिरोमणि’ हा ज्योतिषाचा ग्रंथ त्यांनी ३६व्या वर्षी, ११५० साली लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात ते म्हणतात, ध्रुवाजवळचे तारे बघा. एका अहोरात्रात त्यांची फेरी पुरी होते. मग सूर्याचीही तेवढ्यातच होणार, दुसरा सूर्य हवा कशाला?

पृथ्वी आरशासारखी सपाट मानणाऱ्या पौराणिकांनाही त्यांनी विचारलं. सूर्य तिच्यावर उंच फिरतो, तर देवांना दिसतो तसा माणसांना सदैव का दिसत नाही? रात्र सोन्याच्या मेरूमुळे होते म्हणता, मग आड आलेला तो मेरू आपल्याला का दिसत नाही? आणि आपल्याला जमीन सपाट का वाटते, याचंही उत्तर दिलं. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो. पृथ्वी अवाढव्य, तिच्या पाठीवरचा माणूस चिमुकला.

(कदंबाचं फूल, हातात, सावकाश फिरताना.)

पृथ्वी कशी आहे? कदंबाच्या फुलाचा गोंडा केसरांनी चहूबाजूंनी भरलेला असतो, तशी. पर्वत, बागा, गावं सगळ्या अंगांनी. खाली-वर असं काही नाही. परीघ त्यांनी दिला ४९६७ योजनं.

आणि इथे थांबून ऐका, कारण हे सहसा कुणी सांगत नाही. गोल मांडताना भास्कराचार्यांनी पुराणांतला समुद्र फेकून दिला नाही. उत्तर गोलार्ध जंबूद्वीपाचा. मेरू उत्तर ध्रुवावर. मध्यावर लवणसमुद्र. उरलेली सहा द्वीपं आणि दूध, दही, तूप, उसाचा रस, मद्य, गोड पाणी यांचे समुद्र त्यांनी दक्षिण गोलार्धात बसवले. आजीच्या गोष्टीतली नावं आणि ज्योतिषाचं गणित, दोन्ही एकाच चेंडूवर.

पुढे १८३०च्या दशकात मध्य भारतातल्या सिहोरला पंडित सुबाजी बापूंनी हाच धागा धरून मराठीत लिहिलं, पुराणं, भास्कराचार्यांसारख्यांचे सिद्धांतग्रंथ आणि सूर्य मध्ये ठेवणारा कोपर्निकस शेजारी-शेजारी ठेवून. त्यावर पंडितांत वाद पेटला आणि शाळांमधून नवा भूगोल आला.

(पुन्हा पाटणादेवी, म्हणजे जुनं पाटण. देवळातला शिलालेख. तिरप्या उजेडात अक्षरं.)

१२०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला, त्याचा हा लेख. १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. वरचा मजकूर संस्कृत. शेवटाकडे या ओळी पाहा, या मराठी आहेत. मठाचा खर्च कसा चालेल ते त्यांत लिहिलंय: पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा मठाला, आणि तेलाच्या घाण्यामागे पळी-पळी तेल.

(अक्षरांवरून फिरणारं बोट. फक्त पाण्याचा आवाज.)