दारावर आलेला वकील

(अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात जिल्हा न्यायालयातल्या एका वकिलांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

मंडळी, मघाशी अध्यक्षांनी माझी ओळख 'अपघाताचे पैसे मिळवून देणारे वकील' अशी करून दिली. तुम्ही हसलात, मीही हसलो. पण खरं सांगतो, पैसे मिळतात की बुडतात हे माझ्याकडे फाईल येण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. ते ठरतं पहिल्या पंधरा दिवसांत. घरात रडारड चालू असते, दारावर माणसं येत असतात, गंधमुक्तीच्या पत्रिका छापायला गेलेल्या असतात, तेव्हा.

आपल्याकडे सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा असे दोन मोठे महामार्ग. या खोलीत असं घर नसेल की ज्याच्या नात्यातलं कुणी या रस्त्यांवर गेलं नाही. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "माणूस गया, आते पैसा लिसन काय करू?" मी गप्प बसलो. त्याला उत्तर नाही. पण त्यांच्या सुनेच्या पदरात दोन लेकरं होती, आणि सोसायटीचं कर्ज कुणाच्या मरणानं माफ होत नाही.

आता त्या पंधरा दिवसांत काय होतं ते ऐका. हवालदार जबाब घ्यायला येतो. घरातला कुणीतरी काका भान हरपलेल्या अवस्थेत सही करतो. जबाबात लिहिलेलं असतं, 'गाडी घसरून पडला'. झालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली भरपाई मागायची तर दुसऱ्याच्या हयगयीनं अपघात झाला हे दाखवावं लागतं, आणि तुमच्याच माणसानं तर लिहून दिलंय की तो स्वतः घसरला. म्हणून जबाब वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. ट्रकनं कट मारला असेल तर तसं लिहायला लावा. आणि उद्या फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला म्हणून आपली केसही गेली असं समजू नका. मोटार अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या दावा प्राधिकरणात पुरावा तितका काटेकोर लागत नाही, अधिक शक्यता कोणत्या बाजूला आहे एवढं पाहतात.

गाडीचा नंबर मिळाला का, हा दुसरा प्रश्न. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, बस. नंबर मिळाला तर हाच आकडा कुठल्या कुठे जातो. म्हणून पेट्रोलपंप, ढाबा, टोलनाका, जिथं कॅमेरा असेल तिथं दुसऱ्याच दिवशी जा. चित्रण कायम ठेवत नाहीत, पुसलं जातं.

आकडा कसा निघतो ते सांगतो, कारण वकील निवडताना तुम्हाला हे ठाऊक पाहिजे. समजा केळीच्या गाड्या भरणारा ३५ वर्षांचा माणूस, महिन्याला १५ हजार कमावणारा. घरी बायको, दोन मुलं, आई. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे स्वतःचा धंदा किंवा मजुरी करणाऱ्याच्या कमाईत चाळीशीच्या आत पुढच्या वाढीचे ४० टक्के धरायचे. झाले २१ हजार. चार माणसं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले १५,७५०. वर्षाचे १ लाख ८९ हजार. याला वयाप्रमाणे गुणक लावायचा, तो २००९ च्या निकालातल्या तक्त्यात आहे. ३१ ते ३५ ला १६. म्हणजे ३० लाख २४ हजार. शिवाय सहवास गमावल्याचे, अंत्यविधीचे वेगळे.

आता गंमत बघा. गंमत म्हणू नये, पण बघा. ३६ ते ४० ला गुणक १५. एका वर्षाच्या फरकानं १ लाख ८९ हजार गेले! आणि आपल्याकडे जन्मतारखा कशा? गुरुजींनी शाळेत घालताना अर्ध्या गावाची १ जून लावलेली. आधारवर वेगळीच. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये अशाच एका दाव्यात आधारवरच्या तारखेपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. तो दाखला आजच शोधून ठेवा.

बाई गेली तर? इथं मला स्वतःची चूक सांगायची आहे. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एका शेतकरी बाईच्या दाव्यात मी धंद्याच्या रकान्यात 'घरकाम' एवढाच शब्द लिहिला होता. नवरा म्हणाला, "ती काही करत नव्हती, घरीच असायची." मीही मान डोलावली. ती बाई पहाटे दोन म्हशी काढायची, कापूस वेचायला जायची, सासऱ्याचं अंथरुणातलं सगळं करायची. यातलं काहीच मी लिहिलं नाही. मिळाली ती रक्कम सांगायची मला आजही लाज वाटते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा ठासून सांगितलं की घर चालवणाऱ्या बाईच्या कामाची किंमत धरलीच पाहिजे, पुढच्या वाढीसकट. पण ती काय काय करायची हे तुम्ही सांगितल्याशिवाय न्यायाधीशांना कसं कळणार? डेअरीची पावती, बचतगटाचं पासबुक, मजुरीची वही, असेल ते आणा.

सगळे मृत्यू रस्त्यावरचे नसतात. रेल्वेतून पडून गेला तर रेल्वे दावा न्यायाधिकरण, तिथं ८ लाख, मुदत एका वर्षाची. मजूर कामावर असताना गेला तर कर्मचारी भरपाईचा दावा, मुदत दोन वर्षं; त्याला नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९२३ चा कायदा होता, आता सामाजिक सुरक्षा संहिता आहे. विजेच्या तारेनं, भिंत पडून, असे बाकीचे दावे दिवाणी न्यायालयात १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली लावता येतात, तिथंही दोनच वर्षं. इंग्रजांच्या जुन्या कायद्यात माणूस मेला की त्याच्याबद्दलचा दावाही मेला असं होतं. हातपाय मोडला तर पैसे, मेला तर नाही! इथं १८५३ मध्ये आगगाडी धावली आणि दोन वर्षांत हा कायदा आला. मोटार अपघाताला मात्र आता सहा महिने. 'वर्षश्राद्ध होऊ द्या, मग बघू' असं म्हणू नका.

स्वतःच्याच चुकीनं मोटरसायकल घेऊन पडला तर? गाडी त्याच्या नावावर असेल, लायसन असेल आणि मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा काढलेला असेल तर १५ लाखांचं संरक्षण त्यात आहे. पॉलिसी उघडून बघत कुणी नाही. घरात कुणाच्याही नावावर सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख वेगळे. त्याचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांत.

आता वकील. सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर कुणी येऊन म्हणाला, "काका, एक रुपया देऊ नका, आलेल्यात तीस टक्के आमचे", तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. अमेरिकेत असं टक्क्यांवर काम चालतं. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर ठरणारी फी आणि मिळालेल्या रकमेत वाटा, दोन्हींना मनाई आहे. अशिलं गाठत हिंडायलाही मनाई आहे. चालतं का? चालतं. आमच्याच बिरादरीत चालतं, कशाला खोटं बोलू. पण जो पहिल्याच दिवशी नियम मोडतो तो शेवटच्या दिवशी तुमच्याशी सरळ वागेल कशावरून?

कोऱ्या कागदावर सही नको. पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपवर तर अजिबात नको. बँक खातं विधवेच्या एकटीच्या नावाचं, पासबुक तिच्याच हातात. वकिलाला विचारा, असे किती दावे शेवटपर्यंत चालवले? अपील लागलं तर छत्रपती संभाजीनगरला खंडपीठात कोण उभं राहणार? फी किती आणि कधी, हे लिहून घ्या. आणि फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरण बसतं. बाई असेल, आदिवासी असेल, अनुसूचित जातीची व्यक्ती असेल, तर उत्पन्न न विचारता वकील मोफत मिळतो. नंदुरबारकडच्या माझ्या बांधवांना हे मी दर वेळी सांगतो. लोकअदालतीत तडजोड करायलाही हरकत नाही, पण आधी तो मघाचा हिशोब कागदावर मांडा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

(या ठिकाणी मागच्या रांगेतल्या एका ताईंनी विचारलं, दुसरं लग्न केलं तर हक्क जातो का? सासरचे तसं म्हणतात.)

नाही जात, ताई. मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्येच तसं सांगितलंय. सासू-सासऱ्यांचा हिस्सा असेल तो त्यांना मिळेल, तुमचा तुम्हाला. तुमचा दावा दाखल झालाय का? तारीख काय अपघाताची? बरं, मग अजून दोन महिने आहेत. व्याख्यान संपलं की थांबा, पोस्टमार्टमचा कागद कुठं आहे ते आधी सांगा मला.