चंद्राआडची पस्तीस मिनिटे

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला शांततेची धास्ती असते. मी इथे दहा सेकंद गप्प राहिलो, तर आपण घरी रेडिओची कळ फिरवून पाहाल आणि काचेपलीकडचे माझे सहकारी हातवारे करू लागतील. आज मी ज्या प्रवासाविषयी बोलणार आहे, त्यात मात्र सुमारे ३५ मिनिटांची शांतता आधीच ठरवलेली होती. २४ डिसेंबर १९६८ रोजी, आपल्याकडे दुपारचे ३ वाजून १९ मिनिटे झाली असताना, फ्रँक बोरमन, जेम्स लव्हेल आणि विल्यम अँडर्स ही तीन माणसे अपोलो-८ या यानातून चंद्राच्या पलीकडे गेली आणि पृथ्वीशी त्यांचा संपर्क तुटला. रेडिओलहरी चंद्रातून आरपार जात नाहीत, त्यामुळे त्या वेळात यानात काय घडले, हे यान दुसऱ्या बाजूने बाहेर आल्याखेरीज कोणालाही कळणार नव्हते.

चंद्रावर माणूस गेला, असे म्हटले की आपल्याला १९६९ चा जुलै महिना, आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि धुळीतला तो बुटाचा ठसा आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या साऱ्या मोहिमांमधले सर्वांत धाडसी उड्डाण कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी कोणीही न उतरलेल्या या डिसेंबरमधल्या उड्डाणाचे नाव घेईन. त्याआधी माणूस पृथ्वीपासून जेमतेम १,४०० किलोमीटर उंच गेला होता आणि चंद्र होता पावणेचार लाख किलोमीटरवर.

शिवाय हे उड्डाण मुळात असे योजलेलेच नव्हते. दशक संपण्याआधी माणसाला चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणायचे, हे लक्ष्य अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष केनेडी यांनी मे १९६१ मध्ये जाहीर केले होते. पुढे २७ जानेवारी १९६७ रोजी उड्डाणतळावरच्या एका सरावात यानाला आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आत शुद्ध प्राणवायू भरलेला होता आणि दार आतल्या बाजूला उघडणारे होते, त्यामुळे आतला दाब वाढताच ते उघडणे अशक्य झाले. या अपघातानंतर यानाची रचना बरीचशी नव्याने करावी लागली. त्यातच, प्रत्यक्ष चंद्रावर उतरणारे जे छोटे यान, त्याचे काम १९६८ च्या उन्हाळ्यात इतके रखडले होते की ते डिसेंबरपर्यंत तयार होण्याची चिन्हे दिसेनात.

तेव्हा ऑगस्टमध्ये जॉर्ज लो या अभियंत्याने वरिष्ठांपुढे एक विचार मांडला. उतरणारे यान नसेल तर नसो, मुख्य यान तर तयार आहे, मग डिसेंबरमध्ये तेच चंद्रापर्यंत का पाठवू नये? नासाचे प्रमुख जेम्स वेब त्या वेळी व्हिएन्नामध्ये एका परिषदेला गेले होते. ही कल्पना कानी पडताच त्यांना धक्का बसला, आणि त्यात नवल नाही, कारण ज्या सॅटर्न-५ अग्निबाणावर हा प्रवास करायचा होता, त्याचे आदले उड्डाण एप्रिलमध्ये चांगलेच फसले होते. अग्निबाण उभा थरथरला होता, दुसऱ्या टप्प्यातली पाचपैकी दोन इंजिने बंद पडली होती आणि तिसऱ्या टप्प्याचे इंजिन अवकाशात पुन्हा पेटलेच नव्हते. त्या दोन इंजिनांपैकी एक तर केवळ तारांची अदलाबदल झाल्यामुळे बंद पडले, म्हणजे बिघाड एकात आणि बंद होण्याचा हुकूम मात्र शेजाऱ्याला. द्रवरूप प्राणवायूच्या नळ्यांमध्ये हेलियमची उशी देऊन ती थरथर थांबवण्याचा उपाय सापडला, आणि माणसे नसलेले आणखी एखादे चाचणी-उड्डाण न करता, पुढच्याच खेपेला त्या अग्निबाणावर तीन माणसे बसवायचे ठरले.

घाई का, याचे एक उत्तर सोव्हिएत रशियात होते, आणि त्यातला एक धागा चक्क मुंबईला येऊन पोहोचतो. सप्टेंबर १९६८ मध्ये रशियाच्या झोंड-५ या यानाने दोन कासवे चंद्राभोवती फिरवून परत आणली. परतीच्या वाटेवर गडबड होऊन ते यान हिंदी महासागरात उतरले. ते जहाजावर घेऊन मुंबई बंदरात आणण्यात आले आणि तिथून विमानाने रशियाला नेण्यात आले. चंद्राला पहिल्यांदा वळसा घालून आलेले यान काही काळ आपल्या मुंबईत मुक्कामाला होते, ही गोष्ट मुंबईकरांनाही फारशी ठाऊक नसते. इकडे अमेरिकेत मात्र, आज कासवे गेली तर उद्या माणसे जातील, ही धास्ती चांगलीच पसरली.

अपोलो-८ च्या चमूत लव्हेल यांच्या जागी खरे तर मायकेल कॉलिन्स जायचे होते. मानेच्या मणक्यावर शस्त्रक्रिया करावी लागल्याने त्यांची जागा गेली आणि त्यांच्या वाट्याला ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातला ध्वनिक्षेपक आला. २१ डिसेंबरला सकाळी, आपल्याकडच्या संध्याकाळी, ११० मीटर उंचीचा तो अग्निबाण उडाला. पुढे तीनेक तासांनी, पृथ्वीभोवतीची कक्षा सोडून चंद्राची वाट धरण्याची परवानगी यानाला देण्याचे काम कॉलिन्स यांच्याकडे आले. माणूस पहिल्यांदाच पृथ्वी सोडून निघाला होता आणि त्यासाठी उच्चारले गेले ते एक कोरडे तांत्रिक वाक्य. याहून काही बरे बोलायला हवे होते, अशी रुखरुख त्यांना पुढे लागून राहिली.

तीन दिवसांच्या या वाटचालीचे वर्णन मी लांबवणार नाही. बोरमन यांना ओकाऱ्या आणि जुलाब झाले, आणि बंद डब्यात वजनहीन अवस्थेत ते काय प्रकरण असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. खिडक्यांपैकी तीन तर आतून धुके धरल्यासारख्या अंधुक झाल्या. आणि सगळ्यांत विचित्र गोष्ट अशी की, यान ज्या चंद्राकडे चालले होते, तो यानातून दिसतच नव्हता.

आता यानाच्या इंजिनाकडे वळतो, कारण साऱ्या प्रवासाचा जीव त्यात होता. आपल्या भाषेत वळसा आणि प्रदक्षिणा असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि इथे तो फरक अक्षरशः जीवनमरणाचा होता. यानाचा मार्ग असा आखला होता की काहीही केले नाही, तरी चंद्राचे गुरुत्वाकर्षण त्याला पलीकडून वळवून पुन्हा पृथ्वीकडे धाडून देईल. हा झाला वळसा. प्रदक्षिणा घालायची, तर चंद्राच्या मागे असतानाच इंजिन उलट दिशेने पेटवून वेग कमी करायचा आणि चंद्राच्या कक्षेत अडकायचे. एकदा तसे अडकले की घरी परतण्यासाठी तेच इंजिन पुन्हा पेटले पाहिजे, आणि दुसरे इंजिन यानावर नव्हते. म्हणून ते शक्य तितके साधे बनवले होते. त्याला पंप नव्हता आणि ठिणगी पाडण्याची सोयही नव्हती. हेलियमच्या दाबाने दोन द्रव ढकलायचे, आणि ते असे की एकमेकांना स्पर्श होताच आपोआप पेट घेतात. झडपा दुहेरी होत्या, पण ज्यात ज्वाला पेटायची तो कक्ष आणि त्याचा नळा एकच. या मोहिमेच्या यशाची शक्यता किती, असे बोरमन यांच्या पत्नी सूझन यांनी क्रिस क्राफ्ट यांना विचारले होते. क्राफ्ट हे उड्डाणांच्या नियंत्रणाचे प्रमुख, आणि निम्मी-निम्मी म्हटले तर चालेल का, असे काहीसे उत्तर त्यांनी दिले.

संपर्क तुटण्याची वेळ गणिताने आधीच काढून ठेवली होती, आणि अगदी त्या सेकंदाला ह्यूस्टनचा आवाज थांबला. पुढच्या काही मिनिटांविषयी अँडर्स यांनी सांगितलेली आठवण मला फार बोलकी वाटते. यान त्या वेळी पृथ्वी आणि सूर्य या दोघांच्याही दृष्टीआड, पूर्ण अंधारात होते. खिडकीतून असंख्य तारे दिसत होते आणि मग एका ठिकाणी ते एकाएकी संपले. तिथून पुढे नुसता काळोख होता. तो काळोख म्हणजेच चंद्र, हे लक्षात येताच त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले. ठरल्या वेळी इंजिन पेटले आणि चार मिनिटे सात सेकंद चालून बंद झाले. ते फार वेळ चालते तर यान चंद्रावर आपटले असते आणि लवकर थांबते तर भलत्याच कक्षेत भरकटले असते. आयुष्यातली सर्वांत लांबलचक चार मिनिटे, असे त्यांचे वर्णन लव्हेल यांनी केले आहे.

इकडे ह्यूस्टनमध्ये पहाटेचे चार वाजले होते आणि करण्यासारखे काही नव्हते. इंजिन पेटलेच नसते, तर यान वेग न घटता सुमारे दहा मिनिटे लवकर बाहेर आले असते, त्यामुळे लवकर आलेला आवाज ही वाईट बातमी ठरणार होती. ती दहा मिनिटे आवाजाविना सरली. मग ठरल्या क्षणाच्या सुमारास यानाला हाका मारणे सुरू झाले, आणि थोड्याच वेळात लव्हेल यांचा आवाज आला. इंजिनाचे काम पूर्ण झाल्याचे सांगून त्यांनी कक्षेचे आकडे दिले. म्हणजे चंद्रापासूनची सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी उंची, आणि किलोमीटरमध्ये सांगायचे, तर ती साधारण ३१३ आणि ११२ होती. चंद्र कसा दिसतो, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की तो करडा आहे, रंग असा नाहीच, प्लास्टर ऑफ पॅरिससारखा किंवा समुद्रकाठच्या करड्या वाळूसारखा दिसतो.

त्या संध्याकाळी आपल्याकडे पश्चिमेला पाच दिवसांची कोर होती. मुंबईत दूरचित्रवाणी यायला अजून चार वर्षे होती, त्यामुळे महाराष्ट्रात ही बातमी पोहोचली ती रेडिओवरून आणि वर्तमानपत्रांतून. अंगणात जाऊन ज्यांनी त्या कोरीकडे पाहिले, त्यांना कल्पना नसेल, पण कोर नेमकी तेवढीच असणे हा योगायोग नव्हता. पुढच्या मोहिमेने जिथे उतरायचे, त्या शांतिसागर नावाच्या चंद्रावरच्या सपाट प्रदेशात सूर्य नुकताच उगवलेला असावा आणि लांब सावल्यांमुळे तिथले खड्डे-उंचवटे स्पष्ट दिसावेत, यासाठी तारीखच तशी निवडली होती.

चंद्राभोवती दहा फेऱ्या झाल्या. पहिल्या तीन फेऱ्यांत यानाचे तोंड असे होते की पृथ्वी उगवताना दिसलीच नाही. चौथ्या फेरीत बोरमन यान वळवत असताना अँडर्स यांना खिडकीतून ती दिसली आणि ते उद्गारले. बोरमन यांनी थट्टेने त्यांना बजावले की याचा फोटो काढू नका, तो वेळापत्रकात नाही. अँडर्स यांनी काढलेले पहिले छायाचित्र कृष्णधवल होते. मग रंगीत फिल्मसाठी त्यांची धांदल उडाली, लव्हेल यांच्याकडे मागणी झाली, आणि ते प्रसिद्ध छायाचित्र निघाले, ज्यात राखाडी क्षितिजापलीकडे अर्धवट उजळलेला निळा-पांढरा गोल आहे. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि कोर मावळतीला आली होती. हजारो नकाशे, तक्ते आणि आलेख तयार करणाऱ्या योजनाकारांना या एका छायाचित्राची नोंद करायचे सुचले नव्हते, याची मला गंमत वाटते.

नाताळच्या आदल्या रात्री तिघांनी बायबलमधल्या विश्वनिर्मितीच्या ओळी आळीपाळीने वाचून दाखवल्या. त्यावरून पुढे अमेरिकेत खटलाही झाला आणि तो फेटाळला गेला. त्यानंतर पुन्हा एकदा चंद्राच्या आड, पुन्हा एकदा तेच इंजिन. या खेपेला ते साडेतीन मिनिटांच्या आत काम आटोपून थांबले, आणि सांताक्लॉज खरोखरच असतो, असे सांगत लव्हेल यांचा आवाज बाहेर आला.

परतीच्या वाटेवर याच लव्हेल यांच्या हातून एक चूक झाली. एका ताऱ्याचा क्रमांक देण्याऐवजी त्यांनी संगणकाला त्याच्यातल्याच एका आज्ञावलीचा क्रमांक दिला, आणि यान अजून उड्डाणतळावरच उभे आहे, अशी त्या संगणकाची समजूत झाली. आपण कोणत्या दिशेला तोंड करून आहोत, हे तो पार विसरला. लव्हेल यांनी मग जुन्या काळच्या खलाशासारखे तारे शोधून यानाची दिशा पुन्हा बसवली. ते तारे होते राजन्य आणि व्याध, म्हणजे हिवाळ्यात आपल्या गच्चीवरून मृग नक्षत्राच्या आसपास सहज ओळखू येणारे. सव्वा वर्षाने अपोलो-१३ च्या संकटात त्यांना असेच काम पुन्हा करावे लागले.

२७ डिसेंबरला पहाटेच्या अंधारात यान पॅसिफिक महासागरात उतरले, उलटे झाले, मग हवेच्या पिशव्या फुगवून सरळ केले गेले, आणि उजाडेपर्यंत तिघे लाटांवर हेलकावे खात आत बसून राहिले.

राहता राहिले कॉलिन्स. मान बरी झाल्यावर त्यांना जागा मिळाली ती अपोलो-११ मध्ये. जुलै १९६९ मध्ये त्यांचे दोन सोबती चंद्रावर उतरले असताना ते एकटेच मुख्य यानात बसून वर फेऱ्या घालत होते. प्रत्येक फेरीत सुमारे पाऊण तास ते चंद्राच्या आड जात, आणि त्या वेळात ना ह्यूस्टनचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत असे, ना खाली उतरलेल्या त्या दोघांचा.