टपालवाला चौथा आला

नमस्कार, श्रोतेहो. ब्रिटन आणि पूर्व आफ्रिकेजवळचं बेट झांझिबार यांच्यात २७ ऑगस्ट १८९६ रोजी एक युद्ध झालं. किती वेळ चाललं? सुमारे ३८ मिनिटं. दिवस नव्हेत बरं, मिनिटं! इतिहासातल्या अशा अजब गोष्टींपैकी आज सांगायची आहे ती माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, एका शर्यतीची.

३० ऑगस्ट १९०४. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये ऑलिंपिकची मॅरेथॉन. अंतर सुमारे ४० किलोमीटर, रणरणतं ऊन, मोटारींनी उडवलेला धुरळा आणि पाण्याची सोय जवळजवळ नाहीच. पाण्यावाचून शरीराचं काय होतं, हेही संयोजकांना पाहायचं होतं! धावणाऱ्याचं पाणी तोडणं हा माझ्या मते गुन्हाच. शाळेच्या मैदानावरसुद्धा आधी पाण्याचा नळ यावा, व्यासपीठ मग. असो.

या शर्यतीत होता क्यूबाचा टपालवाला, फेलिक्स कारवाहाल. प्रवासाचे पैसे त्याने लोकांकडून गोळा केले आणि न्यू ऑर्लिन्सला जुगारात घालवले. कसाबसा तो सेंट लुईसला पोचला. अंगात रोजचेच कपडे, पायांत जड बूट. सुरुवातीच्या रेषेवर कुणीतरी कात्री आणून त्याची विजार गुडघ्यापाशी कापली, तेव्हा कुठे धावण्याजोगा झाला. वाटेत भूक लागली, म्हणून बागेतली सफरचंदं खाल्ली. ती निघाली नासकी. पोटात मुरडा आला, तर गडी चक्क आडवा झाला! मग उठला आणि पुन्हा धावू लागला.

पुढे काय चाललं होतं? फ्रेड लॉर्झ पहिला आला, लोकांनी जयघोष केला, आणि मग कळलं की तो वाटेतले ११ मैल मोटारीत बसून आला होता. सुवर्णपदक गेलं थॉमस हिक्सकडे. त्याला दमछाक होताना अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्निन दिलं होतं. स्ट्रिक्निन म्हणजे उंदीर मारायचं विष! उत्तेजकांना तेव्हा बंदीच नव्हती.

धावायला उतरले ३२ जण, शेवटपर्यंत पोचले फक्त १४. पुन्हा सांगतो, बत्तिसातले चौदा. आणि कापलेल्या विजारीतला, पोट धरून आडवा झालेला आपला टपालवाला त्यात कितवा? चौथा!